४० इंची फुल एचडी टीव्ही चांगला चालत असताना फोर-के घ्यावा का?

कृष्णाकाठ

नमस्कार. आमच्या सांगलीच्या घरात २०१३ च्या दसऱ्याला घेतलेला ४० इंची फुल एचडी टीव्ही आहे. मध्ये एकदा रिमोट बदलला, त्यापलीकडे आजवर त्याच्यावर खर्च झालेला नाही. या वर्षी मात्र घरात दोन मते पडली आहेत. पुण्यात नोकरी करणाऱ्या मुलाचे म्हणणे असे की, ३२ इंचांवरच्या टीव्हींवरील जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आहे, तेव्हा आता ५५ इंची फोर-के टीव्ही घेऊन टाकावा. यजमानांना वाटते की चालती वस्तू काढून टाकणे बरोबर नाही. टीव्ही सर्वात जास्त पाहतात त्या माझ्या सासूबाई. त्यांचे वय ७८ आहे आणि त्यांच्या दोन्ही डोळ्यांच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रिया झालेल्या आहेत. संध्याकाळच्या मराठी मालिका, सकाळचे भक्तिसंगीत आणि दुपारच्या बातम्या हा त्यांचा रोजचा क्रम आहे. टीव्हीवर माणसांचे चेहरे पुसट दिसतात आणि बातम्यांच्या वेळी खाली सरकणारी पट्टी वाचता येत नाही, अशी त्यांची तक्रार आहे. आमची मुलगी जर्मनीत असते. ती नातीचे व्हिडिओ पाठवते आणि तेही सासूबाईंना मोठ्या पडद्यावर पाहायचे असतात.

मी दुकानात जाऊन फोर-के टीव्ही पाहून आले. पडद्यावर पोपटाची पिसे आणि मधाची धार इतकी स्वच्छ दिसत होती की त्या क्षणी तिथेच पैसे भरावेत असे वाटले. परंतु घरी येताना मनात आले की आपल्या घरात असा पोपट कोण दाखवणार आहे? आपल्याकडे जे दिसते ते डिशच्या सेट-टॉप बॉक्समधून येते. फोर-केमध्ये फुल एचडीच्या चौपट ठिपके असतात एवढे मला समजले. त्या चौपट ठिपक्यांतले किती आमच्या सोफ्यापर्यंत पोहोचतील, हे मात्र दुकानात कोणी सांगितले नाही. ज्यांनी असा बदल केला आहे किंवा विचारपूर्वक टाळला आहे, त्यांचे अनुभव आणि कारणे दोन्ही वाचायला आवडतील.

मांडवीतीर

ताई, मी पणजीला असतो. ३२ इंची जुन्या टीव्हीवरून मी ५५ इंची फोर-के टीव्हीवर गेलो आणि त्या निर्णयाचे मला समाधान आहे. तुमच्या मुलाची बाजू मांडणारा कोणी तरी इथे हवा, म्हणून लिहितो. पहिला मुद्दा असा की ४३ इंच आणि त्यापुढच्या आकारात आता दुकानात बहुतेक टीव्ही फोर-केच असतात. त्यामुळे ‘फोर-के घ्यावा का’ हा प्रश्न मोठा टीव्ही घेणाऱ्यापुढे खऱ्या अर्थाने उरलेलाच नाही. दुसरा मुद्दा एचडीआरचा, म्हणजे रंगांच्या आणि उजेड-अंधाराच्या जास्त छटा दाखवणाऱ्या चित्राचा, आहे आणि माझ्या मते तो ठिपक्यांच्या संख्येपेक्षा महत्त्वाचा आहे. जुन्या पद्धतीच्या चित्रात लाल, हिरव्या आणि निळ्या रंगाच्या प्रत्येकी २५६ पायऱ्या असतात. एचडीआरच्या दहा बिटी चित्रात त्या प्रत्येकी १०२४ होतात, आणि उजेड व अंधार यांमधील अंतरही बरेच वाढते. समुद्रावर मावळणारा सूर्य जुन्या टीव्हीवर पांढऱ्या डागासारखा दिसे, आता त्याच्या भोवतालची केशरी छटा वेगळी कळते. हा फरक दिवाणखान्याच्या दुसऱ्या टोकाला बसूनही दिसतो, त्यासाठी पडद्याजवळ जावे लागत नाही.

शिवाय क्रिकेट आहेच. २०२३ च्या आयपीएलचे सामने जिओसिनेमाने फोर-केमध्ये दाखवले, तेव्हा मोठ्या पडद्यावर चेंडूची शिवण वळताना पाहण्यात वेगळाच आनंद होता. तुमच्या मुलीने अलीकडच्या फोनवर काढलेले व्हिडिओ फोर-के असण्याची शक्यता बरीच आहे. फुल एचडी पडदा त्यांतील फक्त चौथा हिस्सा ठिपके दाखवू शकतो. नातीचा चेहरा पाहण्यासाठी आजींना तो पूर्ण मिळावा, असे मला मनापासून वाटते.

खडूफळा

मी साताऱ्याजवळच्या एका शाळेत भौतिकशास्त्र शिकवतो. आपल्या प्रश्नाचे उत्तर देताना टीव्हीच्या आधी डोळ्याचा विचार करावा लागेल, म्हणून थोडे गणित मांडतो. कृपया कंटाळा करू नये, कारण हजारो रुपयांचा निर्णय या गणितावर ठरतो.

६/६ दृष्टी असलेला डोळा साधारण एका अंशाच्या साठाव्या भागाएवढा, म्हणजे एक कलेचा, कोन वेगळा ओळखू शकतो. दोन शेजारचे ठिपके डोळ्याशी याहून लहान कोन करू लागले की ते एकमेकांत मिसळतात आणि आपल्याला सलग चित्र दिसते. फुल एचडी पडद्यावर आडवे १९२० आणि उभे १०८० असे सुमारे २०.७ लाख ठिपके असतात. फोर-केमध्ये ३८४० गुणिले २१६०, म्हणजे सुमारे ८३ लाख. आता हिशेब केला तर फुल एचडी पडद्याचे ठिपके त्याच्या कर्णाच्या साधारण १.५६ पट अंतरावरून मिसळू लागतात. आपला पडदा ४० इंची आहे, म्हणून हे अंतर ६२ इंच, अर्थात सव्वापाच फूट येते. सव्वापाच फुटांच्या पलीकडे बसणाऱ्या निरोगी डोळ्याला आपल्या सध्याच्या टीव्हीतलेसुद्धा सगळे ठिपके वेगळे दिसत नाहीत. फुल एचडीचा ५५ इंची पडदा असेल तर हेच अंतर सव्वासात फुटांच्या आसपास जाते. फोर-केसाठी हे अंतर निम्मे होते, म्हणजे ५५ इंची फोर-के पडद्याचा प्रत्येक ठिपका सार्थकी लागावा असे वाटत असेल तर साडेतीन फुटांवर बसावे लागेल. दुकानात आपण पोपट पाहिलात तो बहुधा एवढ्याच अंतरावरून, आणि तोही दुकानासाठी मुद्दाम वाढवलेल्या उजेडात.

हे गणित अगदी काटेकोर मानू नये. धारदार रेषा आणि बारीक अक्षरे यांच्या बाबतीत डोळा याहून थोडा जास्त फरक ओळखतो. परंतु आकारमानाची कल्पना येण्यास ते पुरेसे आहे. म्हणून माझी विनंती अशी की सोफ्याच्या पाठीपासून पडद्यापर्यंतचे अंतर टेपने मोजून इथे लिहावे. अंदाजाने सांगू नये. मी आजवर ज्यांना विचारले त्यांतील बहुतेकांनी प्रत्यक्षापेक्षा फूट-दीड फूट कमीच सांगितले होते. सासूबाईंची चष्म्यासह दृष्टी डॉक्टरांच्या कागदावर किती लिहिली आहे, तेही पाहावे.

मांडवीतीर यांच्या मुद्द्याबद्दल एवढेच म्हणतो की नातीचा व्हिडिओ चौपट ठिपक्यांचा असला, तरी तो पाहणारा डोळा किती अंतरावर आहे यावरच त्याचा उपयोग ठरणार आहे. एचडीआरबद्दल ते जे म्हणतात ते मला पटते. तो फायदा अंतराने कमी होत नाही.

कृष्णाकाठ

सर, शिवणाच्या टेपने मोजले. सोफ्यावर टेकून बसल्यावर डोळ्यांपासून पडद्यापर्यंत बरोबर ९ फूट भरतात, आणि मी सात फूट सांगितले असते! सासूबाईंच्या कागदावर चष्म्यासह ६/९ लिहिले आहे. त्या सोफ्यावर न बसता त्याच्याच शेजारी वेताच्या खुर्चीवर बसतात, अंतर तेवढेच.

खडूफळा

आभारी आहे. या दोन आकड्यांनी चित्र बरेच स्पष्ट झाले. ९ फुटांवरून ६/६ दृष्टीच्या माणसालाही फुल एचडी आणि फोर-के यांमधील केवळ ठिपक्यांचा फरक कळायचा, तर पडदा साधारण ७० इंचांचा लागेल. ६/९ दृष्टीला एक कलेऐवजी दीड कला लागते, म्हणजे सासूबाईंसाठी ती मर्यादा आणखी दूर जाते. त्यांच्या खुर्चीवरून ४० इंची फुल एचडी पडद्याचे ठिपके केव्हाच मिसळून गेलेले आहेत. त्यांना पट्टी वाचता येत नाही ती ठिपके कमी पडल्यामुळे नाही. अक्षर लहान पडते, हे तिचे कारण आहे.

अक्षर मोठे करण्याचे दोन मार्ग आहेत. एक म्हणजे मोठा पडदा: ४० इंचांऐवजी ५५ इंची घेतला तर प्रत्येक अक्षर १.३७ पट होईल. दुसरा मार्ग असा की खुर्ची ९ फुटांवरून साडेसहा फुटांवर आणावी. डोळ्यापाशी होणारा परिणाम दोन्हींचा सारखाच आहे आणि दुसऱ्याला खर्च नाही. जवळून टीव्ही पाहिल्याने डोळे बिघडतात ही भीती आपल्या पिढीला लहानपणी घातली गेली. साडेसहा फुटांवरून पाहिल्याने डोळ्याला इजा होत नाही, फार वेळ एकटक पाहिले तर थकवा येतो, आणि तो ९ फुटांवरही येतो.

एक गोष्ट मात्र या गणितात बसत नाही. चेहरे पुसट दिसतात ही तक्रार चांगल्या एचडी चित्राबद्दल ९ फुटांवरून येऊ नये. तिथे दुसरे काही कारण असावे असा मला संशय आहे.

सोल्डरगन

कृष्णाकाठ ताई, सरांचा संशय बरोबर असावा. इचलकरंजीत माझे टीव्ही दुरुस्तीचे दुकान आहे आणि पिक्चर ट्यूबच्या काळापासून मी हेच काम करतो. टीव्ही बदलण्याआधी कृपया त्याच्या मागे हात घालून पाहा. सेट-टॉप बॉक्समधून टीव्हीत जाणारी वायर पिवळी, लाल आणि पांढरी अशा तीन पिनांची आहे, की चपट्या तोंडाची एकच एचडीएमआय आहे? तीन पिनांची असेल तर तुमचा फुल एचडी टीव्ही इतकी वर्षे फुल एचडी चित्र दाखवतच नव्हता. पिवळ्या वायरमधून एचडी चित्र जाऊच शकत नाही. त्यातून जास्तीत जास्त ५७६ रेषांचे जुने चित्र जाते, आणि त्यात उजेडाची व रंगाची माहिती एकाच तारेत मिसळलेली असल्यामुळे अक्षरांच्या कडांना रंगीत ठिपके सरकताना दिसतात. गिऱ्हाईकांच्या घरी गेल्यावर मी हा प्रकार नेहमी पाहतो. टीव्ही हजारोंचा, आणि जोडणी पहिल्या ट्यूबच्या टीव्हीबरोबर आलेल्या बॉक्सची.

दुसरे, बॉक्स कोणता आहे आणि वाहिनी कोणती लावली जाते तेही पाहा. एसडी (म्हणजे ५७६ रेषांच्या जुन्या चित्राच्या) आणि एचडी वाहिन्यांचे क्रमांक वेगळे असतात आणि पैसेही वेगळे लागतात. झी मराठी, स्टार प्रवाह, कलर्स मराठी यांच्या एचडी वाहिन्या आहेत, परंतु बॉक्स साधा असेल तर त्या दिसणारच नाहीत. तुम्ही एसडी वाहिनी ५५ इंची फोर-के पडद्यावर लावलीत, तर टीव्हीला ५७६ रेषा ताणून २१६० कराव्या लागतील, म्हणजे चार ओळींतल्या जवळजवळ तीन ओळी टीव्हीने स्वतःच्या अंदाजाने भरलेल्या असतील. चांगला प्रोसेसर हे काम बऱ्यापैकी करतो, स्वस्त टीव्हीत चेहरे मेणाचे वाटू लागतात. नवा टीव्ही आणल्यावर ‘जुन्यावर चित्र बरे होते’ असे म्हणत आठवड्याच्या आत माझ्याकडे येणारे लोक खोटे बोलत नाहीत, त्यांना खरोखरच तसे दिसत असते.

तिसरे, तुमच्या जुन्या टीव्हीबद्दल. त्या काळच्या सेटमध्ये आवाज येतो आणि चित्र जाते असे झाले, तर बहुतेक वेळा मागच्या एलईडी पट्ट्या गेलेल्या असतात. त्या बदलता येतात. पॉवर सप्लायचे कपॅसिटर फुगले तर तेही बदलता येतात. पॅनेल, म्हणजे समोरचा पडदाच, फुटले किंवा त्यावर उभ्या रेषा आल्या तरच सेटचा निरोप घ्यावा लागतो, कारण पॅनेलची किंमत नव्या टीव्हीच्या जवळपास जाते. मोठ्या टीव्हीबाबत ही जोखीमही मोठी असते. ५५ इंची पॅनेल इतके पातळ असते की भिंतीवर चढवताना दोन कोपऱ्यांवर सारखा जोर पडला नाही तर ते तिथेच तडकते. घेतलात तर बसवायला कंपनीचाच माणूस बोलवा, आणि वळवाच्या पावसात विजा चमकू लागल्या की प्लगबरोबर डिशची केबलसुद्धा काढून ठेवा. फक्त प्लग काढणाऱ्यांचे बोर्ड केबलमधून आलेल्या दाबाने जळलेले मी पुष्कळ पाहिले आहेत.

कृष्णाकाठ

सोल्डरगन दादा, काल संध्याकाळी टीव्ही स्टँडसह पुढे ओढला. मागे धुळीचा थर होता, आणि त्या धुळीत पिवळी, लाल आणि पांढरी अशा तीन वायरी होत्या. बॉक्स २०१० चा, साधा. म्हणजे टीव्ही घेतला तेव्हा बसवायला आलेल्या माणसाने जुन्याच बॉक्सच्या वायरी नव्या टीव्हीत खोचल्या आणि आम्ही बारा वर्षे तेच चित्र फुल एचडी समजून पाहत राहिलो. एचडीएमआयच्या दोन खाचांवरची प्लास्टिकची टोपणे अजून तशीच होती. हे पाहून मला खरोखर वाईट वाटले, कारण सासूबाई गेली काही वर्षे सांगत होत्या आणि आम्ही ते त्यांच्या डोळ्यांवर ढकलत होतो.

तुम्ही सांगितलेले रंगीत ठिपके आता मला दिसले. बातम्यांच्या वाहिनीवर लाल पट्टीतील पांढऱ्या अक्षरांच्या कडेने ते वर सरकत होते. आणखी एक गोष्ट लक्षात आली. चित्र आडवे ताणलेले होते, त्यामुळे निवेदिकेचा चेहरा रुंद दिसत होता. आजच एचडी बॉक्सची मागणी नोंदवली आहे. मराठी एचडी वाहिन्यांचे महिन्याचे वाढीव पैसे भरावे लागतील, पण नव्या टीव्हीच्या मानाने ती रक्कम फार नाही.

वर्धेकर

एक बाजू इथे कोणी मांडली नाही म्हणून लिहितो. फोर-के चित्र मुख्यतः इंटरनेटवरून येते, आणि ते प्रत्येकाच्या घरी सारखे पोहोचत नाही. नेटफ्लिक्सच्या सांगण्यानुसार फोर-केसाठी किमान १५ एमबीपीएसचा वेग लागतो आणि तासाला सुमारे ७ जीबी डेटा खर्च होतो. शहरात फायबर असेल तर हा प्रश्न नाही. आमच्या गावाकडे बरीच घरे मोबाइलच्या हॉटस्पॉटवर टीव्ही पाहतात. ज्यांच्याकडे दिवसाला २ जीबीची मर्यादा आहे त्यांचा डेटा फोर-केमध्ये १७ मिनिटांत संपेल. पुन्हा नेटफ्लिक्सवर फोर-के चित्र सर्वात वरच्या प्लॅनमध्येच मिळते. १९९ रुपयांच्या प्लॅनमध्ये ७२० रेषांचे चित्र येते, ते कोणत्याही टीव्हीवर ७२० रेषांचेच राहते. ही दरमहाची रक्कम टीव्हीच्या किमतीत मिळवूनच निर्णय घ्यावा. फ्री डिश पाहणाऱ्या घरांना तर फोर-केचा आज काहीच उपयोग नाही, कारण तिथल्या बहुतेक वाहिन्या एसडी आहेत.

मला १९८२ आठवते. दूरदर्शनवर रंग आले तेव्हा चाळीतल्या कोणालाही टेप घेऊन अंतर मोजावे लागले नव्हते, दारातून डोकावणाऱ्या मुलालाही फरक कळत होता. एसडीवरून एचडीवर जाणे थोडेफार तसे आहे. एचडीवरून फोर-केवर जाणे सर्वांसाठी तसे नाही, आणि आठ-के, म्हणजे फोर-केच्याही चौपट ठिपके, तर घरगुती पडद्यासाठी मला मुळीच पटत नाही. जपानच्या एनएचकेने १ डिसेंबर २०१८ पासून आठ-के वाहिनी चालवली आहे, पण सरांच्या हिशेबाने ६५ इंची आठ-के पडद्याचा पूर्ण लाभ घ्यायला जवळजवळ दोन फुटांवर बसावे लागेल.

मांडवीतीर

ताईंच्या घरच्या वायरीबद्दल वाचून मी माझे मत निम्मे बदलतो. आधी बॉक्स बदलणे हेच योग्य होते. मी स्वतः ३२ इंची टीव्हीवरून गेलो, तो फुल एचडीसुद्धा नव्हता, १३६६ गुणिले ७६८ चा होता, त्यामुळे मला जो बदल जाणवला त्यात आकाराचा आणि एचडी बॉक्सचा वाटा किती आणि फोर-केचा किती, हे मी कधी वेगळे करून पाहिले नव्हते. सरांच्या गणितानंतर मी आमच्याकडचे अंतर मोजले. ते साडेसात फूट आहे, म्हणजे मी सीमेवर बसलो आहे. तरीही एचडीआरच्या बाबतीत मी ठाम आहे, मात्र त्यासाठी एक सावधगिरी सांगितली पाहिजे.

डब्यावर एचडीआर लिहिलेले असणे आणि पॅनेलला ते दाखवता येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. स्वस्त फोर-के पॅनेलचा उजेड २५० निट्सच्या (निट हे पडद्याचा उजेड मोजण्याचे एकक) आसपास असतो. ते एचडीआर संदेश स्वीकारते, पण दाखवण्याइतका उजेडच नसल्यामुळे चित्र उलट काळवंडते. माझ्या मेव्हण्याने केवळ इंच आणि फोर-के हे दोन शब्द पाहून टीव्ही घेतला आणि रात्रीच्या प्रसंगांत त्याला काहीच दिसत नाही. त्याच पैशांत पाच इंच लहान पण चांगल्या पॅनेलचा टीव्ही आला असता. पॅनेल व्हीए प्रकारचे असेल तर काळा रंग गडद येतो आणि समोर बसणाऱ्यांना ते बरे पडते. आयपीएस प्रकारच्या पॅनेलमध्ये काळा थोडा राखाडी दिसतो, पण बाजूला बसणाऱ्यालाही रंग नीट दिसतात. ताईंच्या घरी सासूबाईंची खुर्ची बाजूला असेल तर हा मुद्दा ठिपक्यांपेक्षा जास्त महत्त्वाचा ठरेल. दुकानदाराला डेमो बंद करायला सांगून त्याच्याकडच्या सेट-टॉप बॉक्सवर साधी मराठी वाहिनी लावायला सांगावे, आणि घरी जितक्या अंतरावर बसतो तितके मागे जाऊन पाहावे. मी हे केले नव्हते, आणि ते करायला हवे होते.

सोल्डरगन

मांडवीतीर दादांनी दुकानाबद्दल सांगितले ते अगदी योग्य आहे. विजेचेही थोडे सांगतो. मोठ्या पडद्याला मागचा उजेड जास्त लागतो. समजा ५० वॉटच्या जागी १२० वॉटचा टीव्ही आला आणि तो रोज पाच तास चालला, तर महिन्याला साडेसात युनिटऐवजी १८ युनिट होतील. एवढ्याने कोणाचे बिल कोसळणार नाही, पण ज्यांचा वापर १०० युनिटांच्या काठावर आहे त्यांनी पुढच्या टप्प्याचा दर लक्षात घ्यावा. आणि जुना सेट काढायचाच झाला तर भंगारवाल्याला देऊ नये. ई-कचऱ्याच्या २०२२ च्या नियमांत टीव्ही येतो आणि नोंदणीकृत केंद्रांकडेच तो जायला हवा. उघड्यावर बोर्ड जाळून तांबे काढणारी मुले मी डोळ्यांनी पाहिली आहेत, त्या धुरात शिसे असते.

कृष्णाकाठ

सर्वांना उत्तर द्यायला पंधरा दिवस लागले, कारण प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय लिहायचे नव्हते. एचडी बॉक्स आला, आणि एचडीएमआयच्या खाचेवरचे टोपण मी स्वतः काढले. बसवायला आलेल्या मुलाने बॉक्समधील चित्राची सेटिंग १०८० वर ठेवली आणि ताणलेले चित्र मूळ प्रमाणात आणले. सासूबाईंची वेताची खुर्ची आता साडेसहा फुटांवर आहे. मधल्या टीपॉयला कोपऱ्यात सरकावे लागले. पहिल्या संध्याकाळी त्यांनी मालिकेतल्या सुनेच्या साडीचा काठ पैठणीचा आहे की नारायणपेठी, हे मला न विचारता सांगितले. दुसऱ्या दिवशी दुपारी मी स्वयंपाकघरात असताना त्यांनी बातम्यांच्या पट्टीवरचा हळदीचा भाव मोठ्याने वाचला. तो वाचताना त्या मध्ये एकदाच अडल्या.

नातीचा व्हिडिओ मुलाने टीव्हीला स्ट्रीमिंग स्टिक लावून फोनवरून दाखवला. तो फोर-के होता आणि आमच्या पडद्यावर फुल एचडी दिसला. साडेसहा फुटांवरून त्यात काही उणे आहे असे आम्हा कोणालाच जाणवले नाही. मुलाने हे मान्य केले, पण एचडीआरबद्दल त्याचा आग्रह कायम आहे आणि त्यात तथ्य आहे असे मलाही वाटते. त्यामुळे आम्ही असे ठरवले आहे की हा सेट चालतो आहे तोवर बदलायचा नाही, एलईडी पट्ट्या गेल्या तर दादांसारख्या कोणाकडून एकदा दुरुस्त करून घ्यायच्या, आणि पॅनेल गेले तर मात्र फोर-के घ्यायचा, इंच कमी आणि पॅनेल चांगले या हिशेबाने.

त्या दिवसाची तयारी म्हणून रविवारी वर्तमानपत्रे चिकटवून ५५ इंची टीव्हीच्या मापाचा, म्हणजे १२२ गुणिले ६९ सेंटीमीटरचा, कागद भिंतीवर लावून पाहिला. त्याने देवाच्या कोनाड्याचा अर्धा भाग झाकला गेला. मग तो १११ सेंटीमीटर रुंदीचा कापला, म्हणजे ५० इंचीच्या मापाचा. तो कोनाड्याला न लागता बसतो आणि आतली समई दोन्ही खुर्च्यांवरून दिसते, म्हणून भिंतीवर पेन्सिलने त्याच्या चार कोपऱ्यांच्या खुणा करून ठेवल्या आहेत.